अर्धी जोडी

१

दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमारास हिल्डा प्रोसर बाई टेकडीवरच्या हंटच्या आवाराकडे चढताना दिसायच्या, आणि त्या हिवाळ्यात हॅलोबरी गावाला त्याची सवयच होऊन गेली होती. डोक्यावर लोकरी टोपी, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, काखेत वह्या आणि पिशवीत घरी भाजलेली आल्याची बिस्किटं. पोस्टमन गाडी थांबवून विचारायचा, "काय बाई, आज कुठल्या सालात?" बाई सांगायच्या, "एकोणीसशे चौदा. लढाई संपवली एकदाची."

बाई इतिहास लिहीत होत्या, तोही उलटा. हॅलोबरी हंट हा कोल्ह्याची शिकार करणाऱ्यांचा क्लब. १८०९ सालापासून चाललेला. आता सरकारने कायदा केला होता आणि फेब्रुवारीत तो लागू झाला की हाउंडांना, म्हणजे शिकारी कुत्र्यांना, घेऊन कोल्ह्यामागे धावणं बंद होणार होतं. मोठ्या क्लबांनी काही ना काही वाट काढली असती. हॅलोबरी हंट म्हणजे पंधरावीस शेतकरी, एक डॉक्टर आणि क्लबच्या प्रमुख फिलिपा कॉर्फील्ड. त्यांनी ठरवलं की बंद करायचं, आणि बंद करण्याआधी एक पुस्तक काढायचं. "तुझ्याइतकं शुद्ध गावात कोण लिहितं, हिल्डा?" कॉर्फील्डबाई म्हणाल्या. "आणि जरा गोड लिही. लोकांना नाताळात वाचता आलं पाहिजे."

हिल्डाबाईंना शिकारीचं प्रेम नव्हतं आणि रागही नव्हता. शाळेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, मागच्या शरदात धाकटी बहीण गेली होती आणि घर फार शांत झालं होतं. म्हणून त्या हो म्हणाल्या.

भट्टीघरावरची खोली त्यांना मिळाली. खाली हाउंडांसाठी मांस आणि ओट शिजायचे, त्याची वाफ फळ्यांच्या फटीतून वर यायची. पत्र्याच्या दोन ट्रंकांत दिनवह्या होत्या, दर हंगामाची एक. जुनं अक्षर लागायला कठीण, म्हणून बाई आजपासून मागे मागे जात होत्या.

आवार रेग बेडोच्या ताब्यात होतं. रेग हंटचा हंट्समन. चौतीस वर्षं हाउंडांची निगा राखणारा, त्यांना घेऊन रानात जाणारा आणि परत आणणारा. साठीकडे झुकलेला, वाकड्या गुडघ्यांचा, कमी बोलणारा. त्याच्या दोन्ही मुली बाईंच्या हाताखाली शिकल्या होत्या, त्यामुळे तोही त्यांना बाईच म्हणायचा.

पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या, "किती कुत्रे आहेत हो तुमच्याकडे?"

"कुत्रा एकही नाही," रेग म्हणाला. "कुत्रा तो, जो कॉर्फील्डबाईंच्या सोफ्यावर लोळतो. हे हाउंड. अठरा जोड्या."

"म्हणजे छत्तीस."

"छत्तीस म्हणायचं नाही. अठरा जोड्या. एखादा सुटा राहिला तर अर्धी जोडी."

"बरं," बाई म्हणाल्या आणि वहीत लिहून घेतलं.

२

दिनवहीची रीत ठरलेली होती. तारीख, हवा, कुठल्या झाडीत कोल्हा उठला, कुठपर्यंत पळाला, सापडला की निसटला. शेवटच्या ओळीत दोन आकडे: किती जोड्या गेल्या, किती आल्या.

चाळीस वर्षं मुलांची गणितं तपासलेल्या माणसाची नजर आधी शेवटच्या ओळीवरच जाते. रेगच्या वहीत पहिल्याच पानावर होतं: गेल्या पंधरा, आल्या साडेपंधरा. बाईंना हसू आलं. गेल्या त्यापेक्षा जास्त कशा येतील? पुढचं पान: गेल्या सोळा, आल्या साडेसोळा. त्यापुढचं: गेल्या साडेचौदा, आल्या पंधरा.

त्या पानं उलटत गेल्या. काही दिवसांचे दोन्ही आकडे सारखे होते. पण कोल्ह्यामागे हाउंड उत्तरेला, जुन्या शिशाच्या खाणींच्या बाजूला गेले असले, की परत येताना अर्धी जोडी जास्त. कधीच एक जोडी नाही. कधीच दोन नाहीत. अर्धी.

साडेअकराला रेग चहाचा मग घेऊन वर आला तेव्हा बाईंनी वही त्याच्यासमोर धरली. "रेग, ही बेरीज चुकली आहे."

त्याने मग टेबलावर ठेवला. वहीकडे पाहिलं नाही. "मी गणितात कच्चा, बाई. पोरींना विचारा."

"चौतीस वर्षं एकाच बाजूला कच्चे?"

"चहा निवेल," तो म्हणाला आणि खाली गेला.

बाईंनी मनाशी म्हटलं, शेजारच्या एखाद्या शेतातलं कुत्रं मागे लागून येत असेल. रेगला ते कबूल करायची लाज वाटत असेल. पटण्यासारखं होतं. मग त्या रेगच्या आधीच्या हंट्समनच्या वह्यांवर आल्या. अक्षर वेगळं, शाई वेगळी. गेल्या सतरा, आल्या साडेसतरा. त्याच्या आधीचा, पहिल्या महायुद्धाहून एका हाताने परतलेला, डावखुरं अक्षर: गेल्या बारा, आल्या साडेबारा. त्याच्याही आधीचा, व्हिक्टोरिया राणीच्या काळातला: तेच.

शेजारचं कुत्रं शंभर वर्षं जगत नाही. बाईंनी लाल पेन्सिल हातातून खाली ठेवली.

३

हाउंडांना खायला घालायची वेळ अकराची. तो सोहळा बाईंनी इतके दिवस फक्त कानांनी ऐकला होता. पुढच्या शुक्रवारी त्या खिडकीपाशी उभ्या राहिल्या.

खाली फरसबंद अंगण. डाव्या हाताला हाउंडांच्या झोपायच्या खोलीचं हिरवं दार, उजवीकडे लांबलचक दगडी कुंड, त्यात वाफाळती पेज. रेग दार अर्धवट उघडून उभा राहायचा आणि एकेकाचं नाव घ्यायचा. ज्याचं नाव घेतलं तोच बाहेर यायचा, बाकीचे आत थरथरत थांबायचे.

"रॅम्बलर! ये. टॅटल! ये, ये म्हातारे. डेन्टी! वॉर्बलर, ढकलू नकोस. गॅम्बल!"

बाईंना वर्गातली हजेरी आठवली. त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. छत्तीस नावं झाली. छत्तीस शेपट्या कुंडाशी रांगेत हलत होत्या. आतली खोली रिकामी झाली होती.

रेगने दार लावलं नाही.

त्याने हात दारावरच ठेवला, मान वळवून भिंतीकडे पाहिलं, आणि बाईंचं एक ते सातपर्यंत मोजून झालं तेव्हा हळूच म्हणाला, "चल रे."

अंगणात काही आलेलं बाईंना दिसलं नाही. कुंडाची वाफ खिडकीपर्यंत चढत होती, काच धुरकट होती, त्यांचा चष्माही तसा जुनाच होता. पण कुंडाशी चिकटून उभे असलेले हाउंड, जे एरवी एकमेकांच्या पाठीवर चढून खातात, ते मधोमध बाजूला सरकले. एका अंगाची जागा झाली. ती जागा तशीच राहिली. टॅटल ही त्यातली सगळ्यात हावरी; तिनेसुद्धा त्या जागेत तोंड घातलं नाही. शेजारचा वॉर्बलर खाता खाता थांबला, बाजूला मान वळवली आणि हवेत काहीतरी चाटलं, जसे हाउंड एकमेकांचे कान चाटतात.

बाई खिडकीपासून मागे सरकल्या. जनावरांची आपसांत उतरंड असते, त्यांनी स्वतःला बजावलं. एखादा मेलेला म्होरक्या असेल, त्याची जागा त्यांनी सवयीने सोडली असेल. सवय ही मोठी चीज आहे. बहीण जाऊन तीन महिने झाले तरी आपण अजून दोन कप काढतोच की.

या विचाराने त्यांना धीर यायला हवा होता. आला नाही.

४

मग त्या सरळ जुन्या वह्यांच्या ट्रंकेच्या तळाशी गेल्या. जिथे पहिल्यांदा चुकलं ते पान त्यांना हवं होतं.

१८०९ पासून बावीस वर्षं सगळे आकडे चोख होते. जॉब मेडलिकॉट नावाच्या हंट्समनचं अक्षर, गावठी पण स्वच्छ. १८३१ च्या फेब्रुवारीत एका पानावर ते अक्षर बिघडलं होतं. बाईंनी भिंग घेतलं आणि ते पान उतरवून काढायला त्यांना पूर्ण सकाळ लागली.

"धुकं. बिळं नीट बुजलेली नव्हती, माणूस कुठे दिसला नाही. कोल्हा अकराला उठला, उत्तरेला गेला. जुन्या खाणीपाशी हाउंडांनी माग सोडला. खड्ड्याच्या तोंडाभोवती गोल करून बसले आणि खाली बघून रडायला लागले. असं त्यांना कधी पाहिलं नाही. खालून आवाज आला. मालक म्हणाले, कोल्हा पुढे चाललाय, हाउंड उठवा. मी म्हटलं, खाली कोणी आहे. मालक म्हणाले, मेंढी असेल. हाउंड उठेनात. चाबूक मारून उठवले. कोल्हा सापडला नाही. अंधार पडला. मी परत गेलो नाही."

खाली नेहमीची ओळ: गेल्या अठरा, आल्या अठरा.

पुढचे तीन दिवस शिकार नव्हती, तरी त्याने लिहिलं होतं. "हाउंड खात नाहीत. उत्तरेकडे तोंड करून रडतात." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी, "आज दुपारी थांबले. मी गेलो नाही."

आठवड्याने पुन्हा शिकार. गेल्या सतरा, आल्या साडेसतरा. आकड्यापुढे शाईचा एक डाग, जसं लेखणी तिथे बराच वेळ टेकून राहिली असावी.

बाईंना आधी वाटलं, हाउंड खड्ड्यात पडला असणार. बिचारा. मग त्यांनी मागची ओळ पुन्हा वाचली. गेल्या अठरा, आल्या अठरा. हाउंड सगळे परत आले होते.

दुपारचा एक वाजला होता, खिडकीतून चांगला उजेड येत होता, तरी बाईंनी उठून दिवा लावला.

वहीच्या शेवटच्या पानांवर नाताळात हंटकडून मांसाचा वाटा कोणाकोणाला पोचवला त्याची यादी होती. १८३० च्या यादीत सहावं नाव: ईनॉक पर्स्लो, बिळं बुजवणारा, नवरा-बायको दोघांचा वाटा. शिकारीच्या दिवशी पहाट व्हायच्या आत रानात फिरून, कोल्हे बाहेर गेलेले असताना त्यांची बिळं बुजवणारा माणूस. म्हणजे दिवसा कोल्ह्याला घरात शिरता येऊ नये. पुढच्या वहीत, १८३१ च्या यादीत, त्या कामापुढे दुसऱ्याच कोणाचं नाव होतं. पर्स्लोबद्दल एक अक्षर नाही. गेला, मेला, पळाला, काही नाही.

बाईंनी वही बंद केली. खाली हाउंड एकदम सुरात रडायला लागले. अधूनमधून रडतातच ते. एकाने सुरू केलं की सगळे गळा काढतात आणि मग एकाच क्षणी थांबतात. आज ते थांबले, आणि एक आवाज थोडा उशिरा थांबला.

५

"दार उघडं धरून थांबायचं, हे कोणी सांगितलं तुम्हाला?" बाईंनी रेगच्या स्वयंपाकघरात बसून विचारलं.

रेग चीज आणि लोणच्याचं सँडविच समोर ठेवून तसाच बसला होता. गुरुवारी हाउंड न्यायला मोटारी येणार होत्या. वेल्समधल्या दोन क्लबांनी ते वाटून घेतले होते. शुक्रवारी त्याला घर सोडायचं होतं. समुद्राकाठी बहिणीच्या घरातली मागची खोली तिने रिकामी करून ठेवली होती.

"माझ्या आधीच्याने. त्याला त्याच्या आधीच्याने." रेगने पावाची कड मोडली. "पहिल्याच दिवशी सांगितलं. शेवटचा हाउंड बाहेर आला की दार लगेच लावायचं नाही. जरा थांबायचं. बघायचं नाही. आणि पेजेत एका तोंडाची भर घालायची. मला वाटलं, नव्या माणसाची थट्टा चाललीय. मी हसलो. तो नाही हसला."

"आणि तुम्ही चौतीस वर्षं..."

"काय करणार? एकदा दार लावून घेतलं होतं. नव्या जोमात होतो." तो थांबला. "आतून खरवडायला लागलं. नखांनी नाही, बाई. नखांचा आवाज मला कळतो."

भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं. बाईंनी विचारलं, "तुम्ही कधी बघितलं?"

"एकदा. जनावरांची साथ आली त्या वर्षी. शिकार बंद, कोणी आवाराबाहेर पडायचं नाही. मी आपला दिवसभर त्यांच्यातच. एक दुपार, ऊन होतं, सगळे गवतावर एकमेकांच्या अंगावर पडून झोपले होते. मीही टेकलो. डोळा उघडला तर ढिगात मधे..." त्याने पाव ताटात ठेवला. "पाठ दिसली. हाउंडांसारखंच मुटकुळं करून झोपलं होतं. शिकलं असणार. इतकी वर्षं त्यांच्यात राहून. पण पुढच्या पायांची कोपरं जिथे यायला हवीत तिथे नव्हती."

"चेहरा?"

"टॅटलच्या आईने मान टाकली होती त्यावर. पिल्लावर टाकतात तशी." रेगने डोळे चोळले. "मला भीती वाटली होती, नाही कशाला म्हणू. पण बाई, नंतर मी त्या सगळ्यांवर पोतं पांघरलं. गार होतं ऊन."

बाईंनी पर्समधून कागद काढला, मेडलिकॉटचं पान वाचून दाखवलं आणि शेवटी ते नाव. रेग ऐकत राहिला. "मालक म्हणाले, मेंढी असेल" इथे तो उठला आणि खिडकीशी जाऊन पाठमोरा उभा राहिला.

"हाउंड थांबले," तो म्हणाला. "बघा. हाउंड थांबले होते."

"हो."

"आणि आम्ही त्यांना चाबूक मारला." तो 'आम्ही' म्हणाला. जणू परवाचीच गोष्ट होती. मग वळून म्हणाला, "गुरुवारी सगळे जातील. मग त्याच्यासाठी दार कोण उघडणार, बाई?"

६

गुरुवारी सकाळी फिलिपा कॉर्फील्डही आल्या. सत्तरीच्या, ताठ, जुना मेणकापडी कोट घातलेल्या. मोटारीत चढणाऱ्या प्रत्येक हाउंडाच्या डोक्यावर त्या थोपटत होत्या आणि प्रत्येकाला नावाने निरोप देत होत्या. डोळे ओले होते, नाक लाल. "धुकं फार आहे," त्या कोणी न विचारता म्हणाल्या.

रेगने नावं घेतली. छत्तीस. मोटारवाल्याने कागदावर खूण केली आणि झडप लावायला हात उचलला.

"थांब जरा," रेग म्हणाला.

सगळे थांबले. बाईंखेरीज कोणालाच का ते कळलं नाही. रेग हिरव्या दाराशी, भिंतीकडे तोंड करून उभा. आत काळोख, गवताचा वास. मोटारीतले हाउंड जाळीला नाकं लावून त्या दाराकडे बघत होते आणि एकही भुंकत नव्हता.

"चल रे," रेग म्हणाला. मग जरा मोठ्याने, "चल ना."

काही आलं नाही. मोटारवाला घड्याळ बघायला लागला. शेवटी रेगनेच मान हलवली. मोटारी उताराला लागल्या आणि मग आतले हाउंड जे रडायला लागले ते गावाच्या पुलापर्यंत ऐकू आलं.

हिल्डाबाईंनी कॉर्फील्डबाईंना वरच्या खोलीत नेलं आणि ते पान त्यांच्यासमोर ठेवलं. १८३१ चे मालक, म्हणजे तेव्हाचे हंटचे प्रमुख, कॉर्फील्डच होते. फिलिपाबाईंच्या घरात त्यांचं तैलचित्र जिन्यावर होतं.

कॉर्फील्डबाईंनी चष्मा लावून वाचलं. पुन्हा वाचलं. "गोड लिही म्हटलं होतं मी तुला," त्या म्हणाल्या.

"हो."

"याशिवाय नाही चालणार?"

"चालेल. पण मग ते मी नाही लिहिणार, फिलिपा. दुसरं कोणी बघ."

खाली रिकाम्या अंगणात पाण्याचा नळ ठिबकत होता. कॉर्फील्डबाई म्हणाल्या, "आमचे आजोबा खाणीच्या बाजूला घोडा न्यायचे नाहीत. अख्खी शिकार तिकडे गेली तरी हे मागे. आम्ही पोरं त्यांना भित्रा म्हणून चिडवायचो." त्यांनी चष्मा काढला. "नाव काय म्हणालीस त्याचं?"

"ईनॉक पर्स्लो."

"तसंच छाप. आमचंही नाव घाल. दोन्ही नावं."

त्या जिना उतरून गेल्या. मधल्या पायरीवर थांबून त्यांनी विचारलं, "खालच्या खोलीत अजून कोणी राहिलंय का? काहीतरी हललं."

"रेग गवत काढतोय," बाई म्हणाल्या. खिडकीतून रेग दिसत होता. तो फाटकाशी, त्या खोलीपासून पन्नास पावलांवर उभा होता.

७

शुक्रवारी सवयीने बाई दहाला निघाल्या. धुकं इतकं की समोरचं कुंपण दिसेना. रेगची छोटी गाडी सामान भरून फाटकात उभी होती, तो मात्र निघाला नव्हता.

"कालपासून येरझाऱ्या घालतंय," तो म्हणाला. "या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. त्यांना शोधतंय. मी पेज ठेवली, शिवली नाही. मी किती बोलावलं. पण हाउंडाला नावाशिवाय बोलावलं तर येतो का तो?"

"तो हाउंड नाही, रेग."

बाई हिरव्या दारापाशी गेल्या. आपण एका रिकाम्या खोलीशी बोलायला निघालोय, हेही त्यांना स्वच्छ कळत होतं. आत गवतात काहीतरी सरपटत गेलं आणि थांबलं. बाईंनी चाळीस वर्षांच्या सरावाने श्वास घेतला आणि हजेरी घ्यायच्या आवाजात, ना मोठ्याने ना हळू, नाव घेतलं.

"ईनॉक पर्स्लो."

काहीच नाही. खोलीतलं सगळं एकाएकी थिजल्यासारखं झालं. मग एक आवाज आला. भुंकण्यासारखा सुरू झाला आणि मधेच वळला, जसं कोणी विसरलेला शब्द तोंडात फिरवून बघतं. मग गवत हलायला लागलं. जवळ येत होतं. तळवे, गुडघे, तळवे, गुडघे.

उंबऱ्याशी ते थांबलं. बाईंना वास आला, ओल्या गवताचा आणि खोल मातीचा. त्यांना पळावंसं वाटलं. पण शाळेच्या पहिल्या दिवशी दाराशी अडून बसणारी पोरं त्यांनी शेकड्यांनी पाहिली होती. त्यांच्याकडे बघत राहिलं की ती मुळीच येत नाहीत. बाईंनी दाराकडे पाठ केली, अंगणाकडे तोंड केलं आणि उजवा हात नुसता मागे धरला.

किती वेळ गेला ते त्यांना नंतर सांगता आलं नाही. हात भरून आला होता. मग तळव्यात काहीतरी आलं. हाउंडाच्या पंजासारखं जाड, चिरा पडलेलं, गारठलेलं. बाईंनी हळूच बोटं मिटली. पाच बोटं होती.

मग मागून हाडं कडकडल्याचे आवाज यायला लागले, एकामागून एक, सावकाश. श्वास आधी त्यांच्या गुडघ्याशी लागत होता. मग कमरेशी. मग खांद्यामागे.

बाई चालायला लागल्या. फाटकात गाडीला टेकून रेग उभा होता. त्याने त्यांच्याकडे पाहिलं, त्यांच्या मागे पाहिलं, आणि डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली. मग तो आपल्या बुटांकडे बघत राहिला. त्या क्षणी त्याला काय दिसलं हे त्याने बाईंना कधी सांगितलं नाही आणि बाईंनी विचारलं नाही.

त्यांच्या मनात होतं चर्चच्या आवारातल्या दफनभूमीत न्यायचं. दुसरं कुठे नेणार? पण चर्चच्या फाटकापाशी त्या थबकल्या तेव्हा हातातल्या हाताने ओढ घेतली. जोरात नाही, वाट माहीत असलेला माणूस घेतो तशी. दोघं पुढे गेले. चढ लागला, कुंपणाची लाकडी पायरी आली. कॉर्फील्डांचं मेंढ्यांचं कुरण. मेंढ्या रवंथ करत बसल्या होत्या, एकही उठली नाही. मागची पावलं आता दोनच होती, अडखळणारी, जड.

कुरणाच्या वरच्या कोपऱ्यात बाई कधी गेल्या नव्हत्या. तिथे गवतात स्नोड्रॉपची पांढरी फुलं उगवली होती. रानात उगवतात तशी विखुरलेली नव्हती. दोन सरळ ओळी होत्या, समोरासमोर, मधे एक माणूस जाईल एवढी वाट सोडून. अंगणाला लावतात तशा; घर पडून गेलं तरी असे कंद वर्षानुवर्षं उगवत राहतात. ओळी जिथे संपत होत्या तिथे काही नव्हतं, नुसतं गवत आणि धुकं.

त्या ओळींच्या तोंडाशी हात सुटला.

बाईंनी मान वळवली नाही. पावलं त्यांच्या शेजारून पुढे गेली. दोन ओळींमधलं गवत दबलं, उठलं, दबलं. फुलं हलली. धुक्यात एक उंच, वाकलेलं, मातकट काहीतरी त्यांना दिसलं, पापणी लवेपर्यंत, की दिसलं नाही, हे त्या आजही सांगू शकत नाहीत. मग लाकूड दगडावर घासल्याचा आवाज आला, आणि एका बाईने आतून काहीतरी विचारलं. शब्द कळले नाहीत. पण सूर कळला. रागावलेला आणि रडवेला, फार उशिरा घरी आलेल्या माणसाला विचारतात तो.

उत्तर ऐकू आलं नाही. आतून कडी लागली.